होडी त्यांच्या नावावर, हिशेब तुमच्या हातात : घरच्या मासळीधंद्यात टिकाऊपणा आणायचा कसा

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत मासळीच्या धंद्यातली कामाची वाटणी जुनी आहे. समुद्रात पुरुष जातात. होडी जेट्टीला लागली की पुढचं बरंचसं बाईकडे येतं: मासळी निवडणं, बर्फात घालणं, लिलावाला उभं राहणं, पाटी घेऊन बाजार गाठणं, उरलेलं सुकवणं आणि उधारी वसूल करणं. घर कोळ्यांचं असो, खारव्यांचं असो की गाबितांचं, यात फारसा फरक पडत नाही.

‘शाश्वत मासेमारी’च्या प्रशिक्षणाला मात्र बहुतेक वेळा नाखवे (होडीचे मालक) आणि तांडेल (होडी चालवणारे मुख्य खलाशी) बोलावले जातात. बायकांसाठी वेगळं शिबिर लागतं ते कोळंबीच्या लोणच्याचं. मला हे उलटं वाटतं. कोणता मासा, किती मोठा, कोणत्या भावाने गेला आणि काय अंगावर पडलं, हे घरात रोजच्या रोज एकाच माणसाला कळतं, आणि ती बाई असते. जाळं बदलायचं की नाही हे ठरवायला लागणारी माहिती तिच्याकडेच आहे, फक्त ती कुठे लिहिलेली नाही. म्हणून हा लेख होडीपासून सुरू न करता वहीपासून सुरू करतो.

ज्यांच्या घरी एक-दोन होड्या आहेत, किंवा होडी नाही पण लिलावात माल घेऊन विकण्याचा, सुकवण्याचा घरचा धंदा आहे, अशा सुना, मुली, सासवा यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी एक हंगाम नुसतं लिहा

कुणालाही काही शिकवायला जाऊ नका. १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला की एक जाड वही घ्या आणि प्रत्येक फेरीला एक ओळ लिहा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण ओल्या हातांनी वही जास्त दिवस टिकते. रकाने एवढेच:

- तारीख, आणि होडी किती वेळ बाहेर होती
- डिझेल किती लिटर, बर्फ किती
- कोणती मासळी किती किलो. त्यातली मोठी किती, बारीक किती
- कोणत्या भावाने गेली
- काय विकलं गेलं नाही, आणि त्याचं काय केलं
- घरातल्या बायकांनी किती तास काम केलं

शेवटचा रकाना बहुतेक जणी गाळतात. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. सुकवण्याचा धंदा फायद्यात दिसतो, कारण दोन बायकांची आठ-आठ तासांची मजुरी कुणी धरलेलीच नसते. ती धरली की कोणती मासळी सुकवण्यात अर्थ आहे आणि कोणती ओलीच विकलेली बरी, हे आपोआप दिसतं.

दोन-तीन महिन्यांत या वहीतून दोन आकडे काढता येतात. पहिला, किलोमागे डिझेल. समजा एका फेरीला ६० लिटर डिझेल गेलं आणि १२० किलो मासळी आली, तर किलोला अर्धा लिटर पडलं. हाच आकडा जानेवारीत पाऊण लिटरवर गेला, तर होडी त्याच मासळीसाठी जास्त फिरते आहे. समुद्रात मासळी कमी झाली की नाही यावर बंदरावर वर्षानुवर्षं वाद चालतो. तुमच्या घरापुरतं उत्तर या आकड्यात असतं. दुसरा आकडा म्हणजे एकूण वजनात बारीक मासळीचा वाटा किती आणि एकूण पैशात तिचा वाटा किती. हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुढे लागतील.

मोजपट्टी आणि तिच्यामागचं गणित

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशी त्यामागे आहेत. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्याचा मासा जाहीर केलं गेलं, आणि बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्यावर विकली जाणंही सुरूच राहिलं. हा नियम फक्त जाळं टाकणाऱ्याला लागू आहे असा समज आहे. तसं नाही, लहान मासळी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यावरही कारवाईची तरतूद आहे. म्हणजे लिलावात बोली लावणारी बाईही त्यात येते.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना कार्यालयातून पूर्ण यादी मागून घ्या. तुमच्या होडीला रोज मिळणाऱ्या आठ-दहा प्रजातीच त्यातून उचला. एका लाकडी फळीवर किंवा टपाच्या कडेला तेवढ्याच खुणा करा आणि पुढे स्थानिक नाव लिहा. यादीत सुरमई असेल आणि तुमच्याकडे तिला दुसरं काही म्हणत असतील, तर तुमचंच नाव लिहा. लांबी कुठून कुठे मोजायची हे विचारून घ्या, कारण ते सगळ्यांना सारखं नसतं. खेकड्याच्या पाठीची रुंदी मोजतात, माकुलाचं (स्क्विडचं) नुसतं धड.

आता गणित. मासा लांबीला जेवढा वाढतो, त्याच्या कितीतरी पट वजनाला वाढतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. १३५ मिलिमीटरचं पापलेट २०० मिलिमीटरचं झालं तर वजन सव्वातीन पटीच्या आसपास जातं. शिवाय मोठ्या पापलेटला किलोचा भावही जास्त. समजा बारीक माल २५० रुपये किलोने जातो आणि मध्यम माल ६०० ने. मग आज बारीक असताना १०० रुपयांना विकलेली पापलेटं जगली-वाढली असती तर त्यांचे पावणेआठशेच्या घरात पैसे झाले असते. अर्थात सगळी जगत नाहीत, काहींना मोठे मासे खातात, काही दुसऱ्याच्या जाळ्यात जातात. पण निम्मी गेली तरी हिशेब तुमच्याच बाजूचा राहतो. भाव तुमच्या वहीतले घाला आणि हेच गणित तुमच्या मासळीवर करून बघा.

‘आपण सोडलं तर शेजारचा पकडेल’ हा आक्षेप तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. तो खोटा नाही. म्हणूनच हे काम एका घराने करून भागत नाही, मच्छीमार सोसायटीपर्यंत न्यावं लागतं. त्याबद्दल पुढे.

तांडेलाशी बोलणं

इथे बरेच जण एक चूक करतात. बारीक मासळी परत समुद्रात टाका असं सांगतात. डोल (प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) किंवा ट्रॉलमधून (होडीमागे ओढायचं जाळं) वर आलेली बारीक मासळी बहुतेक मेलेलीच असते. ती परत टाकून समुद्राला फायदा नाही आणि खलाशाचा वेळ मात्र जातो. ती जाळ्यात येऊच नये हा उपाय आहे, आणि तो आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार, जागा आणि वेळ या तीन गोष्टींत आहे.

अपवाद चिंबोरी (खेकडा) आणि शेवंडीचा (लॉबस्टर). पोटाखाली अंड्यांचा पुंजका घेऊन आलेली मादी जिवंत असते आणि सोडली तर जगते. हा नियम घरात पहिला करावा, कारण तो पाळायला सोपा आहे आणि त्यात फारसं नुकसान नाही. कासवाचंही तसंच. ऑलिव्ह रिडले अडकलं तर जाळं कापून सोडावं लागतं, आणि जाळं म्हणजे पैसे. २०१८ च्या अखेरीपासून वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची यासाठी योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. खलाशाला मोबाइलवर नेमकं काय टिपायचं ते आधीच सांगून ठेवा: जाळ्यात अडकलेला जीव, कापलेलं जाळं आणि सोडतानाचा क्षण. अर्ज भरण्याचं काम तुम्ही घ्या. होडीवरच्या माणसांना कागद नको असतो.

आता आसाकडे. डोल जाळ्याचा शेवटचा भाग, खोला, इतक्या बारीक आसाचा असतो की त्यातून जवळासुद्धा निसटत नाही. जवळा, करंदी पकडायची तर तो तसाच लागणार, हेही खरं. पण ज्या महिन्यांत तुमचा मुख्य माल बोंबील आहे, त्या महिन्यांत खोला थोडा मोठ्या आसाचा लावून बघता येतो. ट्रॉलचं गणित वेगळं आहे. तिथे शंकरपाळ्यासारखा आस ओढताना मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो, म्हणून खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा असं मत्स्य संशोधन संस्था सांगत आल्या आहेत. पूर्ण जाळं बदलावं लागत नाही, खोलाच बदलायचा.

हे बोलणं कसं काढायचं? जेवताना, चारचौघांत नको. हंगाम मध्यावर आला की, बर्फ भरून झाल्यावर, वही हातात घेऊन.

‘काका, ऑक्टोबरात आपण बारीक पापलेट किती विकलं, ठाऊक आहे? एकूण मालाचा पाचवा हिस्सा. पैसे किती आले ते बघा.’

‘अगं, जाळ्यात येतं ते येतं. मी काय आत बसून निवडू?’

‘निवडू नका. एकाच जाळ्याचा खोला बदलून बघू. पंधरा दिवस. तोट्यात गेलं तर मी बोलणार नाही.’

यात महत्त्वाचा भाग पंधरा दिवस आणि एकच जाळं हा आहे. दोन जाळ्यांचा माल वेगळा निवडून, वेगळा तोलून वहीत लिहायचा. तुमचे आकडे तुमच्याच होडीवरचे असले की वाद लवकर मिटतो.

आणखी एक गोष्ट विसरू नका: खलाशांचे पैसे. होडीवर हिश्श्याची पद्धत असेल तर बारीक माल कमी झाला की त्यांचं त्या दिवसाचं उत्पन्नही कमी होतं. प्रयोगाच्या दिवसांत तेवढी तूट घराने भरून द्यावी. रत्नागिरीकडे अनेक मोठ्या होड्यांवर नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी पगारावर असतात. तिथे हा प्रश्न येत नाही, पण त्यांना काय आणि का बदललं हे हिंदीत समजावून सांगणारं कुणी हवं.

बर्फात काटकसर करू नका

समुद्रातून काढलेला मासा नासून फेकणं याच्याइतकी मोठी उधळपट्टी नाही. डिझेल गेलं, मजुरी गेली, मासाही गेला. त्यामुळे ज्या घराला जाळं बदलणं आज जमत नाही, त्यांनी बर्फापासून सुरुवात करावी.

आपल्या हवेत मासळी आणि बर्फ यांचं प्रमाण साधारण १ ला १ लागतं. बर्फ महाग म्हणून निम्मा टाकायचा आणि संध्याकाळी निम्म्या भावाने विकायचं, हे बंदरावर रोज घडतं. खाली बर्फाचा थर, वर मासळी, पुन्हा बर्फ, आणि शेवटी वरून जाड थर. लादी फोडून बारीक करा, मोठे खडे माशाला चिरडतात आणि मधे हवा राहते. टपाला खाली भोक हवं, वितळलेलं पाणी वाहून जायला हवं. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच घ्या. थर्माकोलची खोकी एका हंगामात तुकडे होऊन किनाऱ्यावरच पसरतात. जाड भिंतीचा इन्सुलेटेड डबा महाग पडतो, पण वर्षानुवर्षं टिकतो आणि बर्फही कमी लागतो.

बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई यांची वेगळी काळजी घ्या. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. अंगावर चट्टे, तोंड लाल होणं, उलट्या असा त्रास होतो आणि मासा कितीही शिजवला तरी ते जात नाही. गिऱ्हाईक ‘बांगडा बाधला’ म्हणतं तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. पाटीवर विकायला बसलात तर मांडून ठेवायला चार-सहाच घ्या, बाकीचे डब्यात. मासा ताजा दिसावा म्हणून मारतात त्या फॉर्मॅलिन रसायनाचं नावही काढायला नको.

वहीत ‘विकलं गेलं नाही’ हा रकाना आहे ना? बर्फ वाढवल्यानंतर महिनाभराने तो परत बघा.

सुकी मासळी: बाईचं खरं राज्य

बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी, सोडे, खारवलेला बांगडा. हा सगळा धंदा बायकांनी उभा केलेला आहे, आणि सुधारणेला सगळ्यात जास्त वाव इथेच आहे. घरात परवानगी कुणाची लागत नाही, पैसा थोडा लागतो, आणि पावसाच्या दोन महिन्यांत घर यावर चालतं.

ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायची आपली पद्धत उत्तम आहे, वारा चारी बाजूंनी लागतो. अडचण आहे ती जवळा, मांदेली, करंदीची, कारण हा बारीक माल अजून अनेक ठिकाणी वाळूवर किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात पसरला जातो. वाळू दातांखाली आली की भाव पडलाच. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर बांबूचा मांडव करा, त्यावर नायलॉनची बारीक जाळी ताणा. जुन्या जाळ्याचे तुकडे यासाठी वापरता येतात, पण आधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या. वरूनही एक जाळी, माश्या आणि कावळ्यांसाठी. कुत्री-मांजरी आपोआप दूर राहतात. वाळायला वेळही कमी लागतो, कारण हवा खालून खेळते.

माल आणताक्षणी स्वच्छ पाण्याने धुवा. खारवायचा असेल तर पाच किलो मासळीला एक किलो मीठ हे सुरुवातीचं प्रमाण धरा, मग मासा किती जाड आहे आणि तुमचं गिऱ्हाईक किती खारट खातं त्याप्रमाणे बदला. एकदा वापरलेलं मीठ परत वापरू नका. खाऱ्या माशावर जो गुलाबी-लाल थर येतो तो मिठातून येणाऱ्या जिवाणूंचा असतो.

पहिल्या काही तासांत फार कडक ऊन लागलं तर माशाची वरची कातडी कडक होते आणि आत ओल अडकते. असा मासा बाहेरून सुका दिसतो आणि पंधरा दिवसांत वास मारतो. मोठ्या, जाड माशाला म्हणूनच दुपारी सावलीत वारा द्यावा. हाच विचार सौर वाळवणी घेताना करा. बांबूचा सांगाडा, तळाला काळं प्लास्टिक, वर पारदर्शक कागद, खाली आणि वर हवेला झडपा, एवढ्यात घरगुती तंबू तयार होतो. आतलं तापमान ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, मासा वाळायच्या ऐवजी शिजतो. साधा थर्मामीटर टांगून ठेवा.

माश्या आणि किडे पळावेत म्हणून सुक्या मासळीवर फवारणी करणारे लोक आहेत. शेतीचं कीटकनाशक खाण्याच्या वस्तूवर मारण्याला दुसरं नाव नाही, ते विषच. मीठ, जाळी, पूर्ण वाळवण आणि हवाबंद पिशवी एवढ्याने काम होतं. मे महिन्याच्या शेवटी माल जाड पिशवीत भरून तोंड सीलबंद करा. पाव किलो, अर्धा किलोच्या पिशव्या करा, कारण उघडलेली मोठी पिशवी पावसात दोन दिवसांत सादळते. पिशवीवर भरल्याची तारीख, वजन, मीठ आहे की नाही, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. लहान उलाढालीला पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते.

बारीक पापलेट, बारीक सुरमई सुकवून ‘वाया जाऊ दिली नाही’ म्हणणं ही पळवाट आहे. सुकी मासळी ज्या प्रजातींची होते, त्या बहुतेक आयुष्यभर बारीकच असतात. त्याच सुकवा.

डोकी, टरफलं, तुटकी जाळी

हे थोडक्यात. मासळीची डोकी, आतडी आणि तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत घालून, झाकण किंचित सैल ठेवून, तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. गाळून निघणारं पाणी भरपूर पाण्यात मिसळून भाजी, नारळ, आंब्याला देता येतं. गावातला बागायतदार ते विकतही घेतो. कोळंबीची टरफलं वाळवून खतात जातात. तुटकी जाळी समुद्रात किंवा होळीत नको: समुद्रात ती मासे मारत राहते, जाळली तर विषारी धूर होतो. वाड्यातल्या सगळ्यांची जाळी एका ठिकाणी गोळा केली तर भंगारवाला येतो, एका घरासाठी येत नाही.

कागदावर तुमचं नाव

इतकं सगळं करून होडी, परवाना, सोसायटीचं सभासदत्व आणि बँकेचं खातं हे सगळं दुसऱ्याच्या नावावर असेल, तर तुमचा शब्द कुणाच्या मर्जीवर राहतो. ही पायरी भावनेने नको, फायद्याच्या हिशेबाने मांडा.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण पुरुष लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के अनुदान होतं आणि महिलेला ६० टक्के. बर्फपेटीसह दुचाकी-तीनचाकी, विक्री केंद्र, छोटं शीतगृह असे घटक त्यात होते. मुदत आणि घटक बदलत राहतात, म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आज काय चालू आहे ते विचारा. पण घरात सांगण्यासारखा मुद्दा साधा आहे: एकच गाडी तुमच्या नावावर घेतली तर घराचे जास्त पैसे वाचतात. इतका स्वच्छ मुद्दा असताना सासऱ्यांनाही फार बोलता येत नाही. एक धोका मात्र लक्षात ठेवा. अनुदान बहुधा काम पूर्ण झाल्यावर हातात पडतं, तोपर्यंतचा पैसा कुठून येणार ते आधी ठरवा. आणि नाव तुमचं, गाडीची चावी दुसऱ्याकडे, असं होऊ देऊ नका.

किसान क्रेडिट कार्ड मासळी विकणाऱ्या बाईला आणि बचत गटालाही मिळतं, होडी असण्याची अट नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला आहे. बँकेत ‘हे शेतकऱ्यांसाठी आहे’ असं उत्तर मिळालं तर तो सांगा. रस्त्यावर, बाजारात बसत असाल तर पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याखाली पालिकेकडून विक्री प्रमाणपत्र घ्या. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करून ठेवा.

आणि सोसायटी. मच्छीमार सहकारी संस्थेत डिझेलच्या परताव्यापासून बर्फापर्यंतचे निर्णय होतात. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे संचालक मंडळात २ जागा महिलांसाठी राखीव आहेत. बऱ्याच संस्थांत त्या कुणाच्या तरी सही करणाऱ्या बायकोकडे जातात. तिथे वही घेऊन जाणारी बाई बसली, तर ‘शेजारचा पकडेल’ या आक्षेपाचं उत्तर सापडायला लागतं. किमान लांबीखालच्या पापलेटवर आपल्या बंदरात बोली लागणार नाही, एवढा एक ठराव. सरकारची गस्ती नौका सगळीकडे पोचत नाही. लिलावाची जागा मात्र एकच असते आणि तिथे बायका असतात.

खाडीतला जोडधंदा, डोळे उघडे ठेवून

कांदळवन प्रतिष्ठानच्या उपजीविका योजनेतून २०१७ पासून खेकडे, कालवं, शिणाणे (काळ्या-हिरव्या शिंपल्यांचा एक प्रकार) यांचं पालन बचत गटांमार्फत होतं. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. होडी वल्हवत पर्यटकांना तिवरं दाखवणाऱ्या या बायका आता अनेकांना ठाऊक आहेत. मासळी न पकडता होडीतून पैसे मिळू शकतात याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या किनाऱ्यावर मला माहीत नाही.

पालनात निवड विचारपूर्वक करा. कालवं आणि शिणाणे पाण्यातलंच खातात, खाद्य लागत नाही. पाणी स्वच्छ नसेल तर मात्र घाण त्यांच्याच पोटात साठते, म्हणून गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी येणारी खाडी टाळा. खेकड्याला भाव चांगला, पण त्याला रोज मासळी खायला घालावी लागते. ती बारीक मासळी समुद्रातूनच येणार असेल तर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने दिलं. बाजारातली डोकी-आतडी मिळत असतील तरच खेकडा घ्या, आणि पिल्लं हॅचरीतली (अंडी उबवण्याच्या केंद्रातली) मिळतात का ते आधी विचारा.

गिऱ्हाइकाला सांगणं

मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्यापलीकडे जात नाही, ही तक्रार खरी आहे. पण ते बदलतं, आणि बदलते ती विकणारी बाई. तारली, ढोमा, शिंगाळा, पेडवे यांचा वाटा लावताना कसं करायचं ते दोन वाक्यांत सांगितलं की माल उठतो. व्हॉट्सॲपवर रोजचा माल टाकत असाल तर कोणत्या होडीचा, कोणत्या जाळ्याचा, कधी पकडलेला हेही टाका. बारीक पापलेट मागितलं तर ‘आम्ही ठेवत नाही, महिनाभराने मध्यम येईल’ असं स्पष्ट सांगा. सुरुवातीला दोन-चार जण जातात.

शाश्वत मासेमारीच्या हिरव्या-निळ्या चिन्हांच्या मागे एवढ्यात लागू नका. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलसारखं प्रमाणपत्र एका होडीला मिळत नाही, पूर्ण मासेमारीला मिळतं. भारतात ते पहिल्यांदा २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी खाडीतल्या शिंपल्यांना मिळालं, तेही अख्ख्या खाडीने मिळून नियम पाळले म्हणून.

जून आणि जुलै

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हे ६१ दिवस तुमचे आहेत. पहिल्या आठवड्यात वहीची बेरीज करा: किलोमागे डिझेल महिन्यागणिक, बारीक मालाचा वजनातला आणि पैशातला वाटा, वाया गेलेलं, बायकांचे तास. चार आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातले सगळे बसलेले असताना वाचा, सासू आणि तांडेल दोघंही हवेत. पुढच्या हंगामात एकच गोष्ट बदलायची, ती तिथेच ठरवा.

दुसऱ्या पंधरवड्यात कागद: अन्नसुरक्षा नोंदणी, क्रेडिट कार्ड, योजनेचा अर्ज. कार्यालयातल्या साहेबांना या दिवसांत वेळ असतो. जुलैमध्ये सुकी मासळी संपत येते तेव्हा कोणत्या पिशव्या आधी संपल्या आणि कोणत्या सादळल्या ते लिहा, पुढच्या मेमध्ये किती भरायचं ते त्यावरून ठरेल. खोला बदलायचं ठरलं असेल तर जाळं आणि सूत मेअखेरच सांगून ठेवा. जुलैच्या मध्यावर बाजारात सगळ्यांनाच ते हवं असतं, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी शिवून तयार झालं नाही तर आणखी एक हंगाम जुन्याच खोल्यावर जातो.